परिक्रमेची वाट आणि फोटोचे माप

कार्तिकी एकादशी झाली, की दर वर्षी कोणी ना कोणी आमच्या कॉलेजात मला शोधत येते. कधी नुकतेच सेवानिवृत्त झालेले एखादे गुरुजी असतात, कधी परीक्षा आटोपून मोकळा झालेला एखादा विद्यार्थी. प्रश्न ठरलेला. "सर, नर्मदेच्या परिक्रमेला निघालोय. कॅमेरा कोणता नेऊ?" मी म्हणतो, "घरात असेल तोच न्या. मोबाइल असेल तर तोही चालेल. पण निघण्यापूर्वी अर्धा तास माझ्यापाशी बसा. कॅमेरा कोणता, यापेक्षा तो कसा लावून ठेवलाय, याला महत्त्व जास्त."

तो अर्धा तास आज मी आपणापुढे मांडणार आहे. आपल्यापैकी सगळेच काही परिक्रमेला जाणार नाहीत. पण पंढरीच्या वारीला जाणारे आहेत, मुलांना घेऊन गडकिल्ल्यांवर जाणारे शिक्षक आहेत. वाट लांबची असली, की प्रश्न तेच येतात.

नर्मदा ही अमरकंटकपासून समुद्रापर्यंत १३१२ किलोमीटर लांब. आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या कडेनेही ती वाहते. परिक्रमा करणारा नदी उजव्या हाताला ठेवून एका तीराने समुद्रापर्यंत जातो आणि दुसऱ्या तीराने अमरकंटकला वळसा घालून परत येतो. मध्ये नदी ओलांडायची नाही. म्हणजे अडीच हजार किलोमीटरांहून अधिक चाल झाली. पाठीवरचे ओझे स्वतःच वाहायचे. वीज मिळेल तेथे मिळेल. आणि मुख्य म्हणजे, मागे राहिलेल्या ठिकाणी परत फिरून फोटो काढणे नाही. जे टिपले ते टिपले.

आता मी स्वतः काय चूक केली ते सांगतो. चूक सांगितली, की नियम लक्षात राहतो.

२००६ सालचा हिवाळा. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, नोकरीला नुकताच लागलेला. सबंध परिक्रमेइतकी रजा मिळणे शक्य नव्हते. म्हणून ओंकारेश्वराहून दक्षिण तीराने बडवानीजवळच्या राजघाटापर्यंत चालावे, असे ठरवले. बरोबर एक लहानसा डिजिटल कॅमेरा होता, ५० लाख ठिपक्यांचा. त्यात ५१२ एमबीचे एकच कार्ड. पूर्ण मापाचे फोटो काढले तर त्यावर जेमतेम २०० मावत. मला वाटले, एवढ्याने काय होणार? म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री मी सेटिंगमध्ये जाऊन फोटोचे माप सर्वांत लहान केले. ६४० बाय ४८०. पडद्यावर आकडा उमटला, तीन हजारांहून जास्त फोटो मावतील! मी खूश झालो. काटकसर साधली, असे वाटले.

वाटेत नावडाटोली लागली. पलीकडच्या तीरावर महेश्वरचे घाट दिसतात. या नावडाटोलीला १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया आणि त्यांचे सहकारी उत्खनन करीत होते. उत्खननाचा एक दंडक असतो. खणलेली माती पुन्हा होती तशी रचता येत नाही, म्हणून नोंद, मोजमाप आणि फोटो हे त्या त्या वेळीच पुरते घेऊन ठेवायचे. हे मी वर्गात शिकवत होतो. आणि माझ्या खांद्याला अडकवलेला कॅमेरा मात्र तीन लाख ठिपक्यांवर लावलेला होता. शिकवणे वेगळे नि करणे वेगळे, दुसरे काय!

पुढे राजघाट दोन मुक्कामांवर राहिला असताना नदीकाठच्या एका गावात संध्याकाळ झाली. कापसाची वेचणी चालू होती. एका घराच्या ओट्यावरून एका आजीने हाक मारली, "नर्मदे हर! बाबाजी, इथंच राहा." मी राहिलो. मक्याची भाकरी आणि तुरीची डाळ वाढली. घरात एक वही होती, येणाऱ्या-जाणाऱ्या परिक्रमावासींची नावे लिहून घ्यायची. तीत मी कॉलेजचा पत्ता लिहिला. सकाळी निघताना आजीला विचारून तिचा एक फोटो काढला. कोरीव चौकटीचे जुने दार, उंबऱ्यात आजी बसलेली, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, आणि मागे दहा-बारा वर्षांचा नातू. मी सबंध वाटेत काढलेल्या फोटोंत तोच एक खरा फोटो होता.

घरी आल्यावर त्याची पोस्टकार्डाएवढी प्रत काढून पाठवली. थोडी धूसर होती, पण पोहोचली. प्रकरण तेवढ्यावर संपले, असे मी धरून चाललो.

नंतरच्या वर्षांत त्या भागात काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. सरदार सरोवराच्या पाण्याची पातळी वाढत गेली. राजघाटावरचे गांधीजींचे स्मारक २०१७ साली तेथून हलवावे लागले. २०१९ च्या सप्टेंबरात ते धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्याच हिवाळ्यात कॉलेजच्या कचेरीत माझ्यासाठी फोन आला. तो नातू बोलत होता. आता तो बाप्या झाला होता. म्हणाला, "आजी गेली. घरही पाण्याखाली गेलं. सामान हलवताना तुम्ही पाठवलेला फोटो कुठं गेला ते कळत नाही. नव्या घरात लावायला मोठा करून द्याल का? त्या दाराचाही दुसरा फोटो कुणाकडं नाही."

मी फाइल घेऊन तालुक्याच्या फोटो स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने ती पडद्यावर मोठी केली. आजीचा चेहरा चौकोनी तुकड्यांचा झाला. हनुवटीवरचे गोंदण एक करडा डाग होऊन बसले. तो म्हणाला, "सर, यात माल नाही हो. तळहाताएवढा निघेल, त्याहून मोठा नको."

श्रोतेहो, हे असे का झाले ते समजून घेऊ, म्हणजे पुढचे नियम आपोआप पटतील.

डिजिटल फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आडवे किती ठिपके आणि उभे किती, यावर तिचे माप ठरते. ६४० बाय ४८० म्हणजे एकूण ३,०७,२०० ठिपके. कागदावर फोटो नीट, रेखीव दिसायचा असेल तर एका इंचात सुमारे ३०० ठिपके असावे लागतात. लांबून पाहायचा असेल तर २०० वर भागते. आता ६४० ला २०० ने भागा. उत्तर आले ३.२ इंच. भिंतीवर लावायला ८ बाय १० इंचांची प्रत हवी, तर किमान १६०० बाय २००० ठिपके, म्हणजे ३२ लाख तरी पाहिजेत. माझा कॅमेरा ५० लाखांचा होता. म्हणजे मी त्या सेटिंगला हात लावला नसता, तर त्या आजीचा फोटो आज त्या भिंतीवर असता.

आणि मौज पाहा, मौज कसली, दैवच म्हणायचे. घरी आल्यावर मोजले, तर मी सबंध वाटेत फोटो काढले होते ३०० च्या आसपास. त्यातले निम्मे चहाच्या टपऱ्यांचे आणि माझ्याच पायांना आलेल्या फोडांचे. कार्ड नऊ-दशांश रिकामेच परत आले होते.

म्हणून पहिला आणि मुख्य नियम हा. काटकसर करायची ती फोटोंच्या संख्येत करा, मापात करू नका. मोठ्या फोटोचा लहान केव्हाही करता येतो. लहानाचा मोठा होत नाही. शेतकरी एक वेळ दोन एकर कमी पेरील, पण बियाणे हिणकस घेणार नाही. तसेच हे आहे.

कोणी म्हणेल, हल्ली संगणक लहान फोटो मोठा करून देतो. खरे आहे. मीही अलीकडे तो प्रयोग केला. संगणक नसलेले ठिपके अंदाजाने भरतो. चेहरा गुळगुळीत, डोळे पाणीदार, फोटो मोठा छान दिसला. पण गोंदणाच्या तीन ठिपक्यांच्या जागी दोनच आले, आणि सुरकुत्या निराळ्याच होत्या. नातवाला तो फोटो पाठवला. तो म्हणाला, "सर, बाई छान आहे, पण ही आमची आजी नव्हे." यावर मी काय बोलणार?

आता दुसरी गोष्ट, दर्जाची. मापाशेजारी बहुतेक कॅमेऱ्यांत 'फाइन', 'नॉर्मल', 'बेसिक' असे शब्द असतात. ठिपके तेवढेच ठेवून फाइल किती दाबून भरायची, ते यावर ठरते. ही दाबून भरण्याची जी पद्धत सर्वत्र चालते, तिचे नाव जेपेग. ती प्रमाण म्हणून ठरली १९९२ साली. ती फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे लहान लहान चौकोन पाडते आणि प्रत्येकातला बारकावा, डोळ्याला सहसा जाणवणार नाही एवढा, टाकून देते. शिक्षकांना सांगायचे तर, धड्याचा सारांश लिहिण्यासारखे ते आहे. चांगल्या सारांशावरून धडा समजतो. पण सारांशावरून मूळ धडा पुन्हा लिहिता येत नाही. सारांश फारच तोकडा केला, की झाडांची पाने आणि नदीवरच्या लाटा यांचा लगदा होतो. म्हणून 'फाइन' ठेवा. आणि जेपेग फोटो दुरुस्त करून पुन्हा पुन्हा साठवू नका, कारण दर वेळी सारांशाचाही सारांश होत जातो. मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या प्रतीवर काम करावे.

तिसरा शब्द मोठ्या कॅमेऱ्यांत आणि काही मोबाइलांतही दिसतो, 'रॉ'. रॉ म्हणजे पीठ आणि जेपेग म्हणजे भाजलेली भाकरी, असे समजा. कॅमेऱ्याला जे दिसले ते जवळजवळ जसेच्या तसे रॉमध्ये राहते. जेपेगमध्ये एका रंगाच्या उजेड-अंधाराच्या २५६ पायऱ्या असतात. रॉमध्ये, कॅमेऱ्याप्रमाणे, ४०९६ किंवा १६३८४ असतात. त्यामुळे काळोखात गेलेला चेहरा घरी बसून उजळता येतो, रंगाची चूक सुधारता येते. मग सगळ्यांनीच रॉ का वापरू नये? कारण पीठ नेले तर पुढे चूल पेटवावी लागते. रॉ फोटो संगणकावर बसून एकेक भाजावा लागतो, आणि त्याला जागाही तिप्पट-चौपट लागते. ज्यांना ते काम येते आणि करायची हौस आहे, त्यांनी अवघड उजेडापुरते रॉ आणि जेपेग दोन्ही लावावे. मंदिराचा गाभारा, पहाटेचे धुके, अशा जागी ते उपयोगी पडते. बाकीच्यांनी पूर्ण मापाचा, उत्तम दर्जाचा जेपेग घ्यावा आणि निर्धास्त चालावे.

जागेचा हिशेब आता पूर्वीसारखा कठीण राहिलेला नाही. २४० लाख ठिपक्यांचा कॅमेरा असला, तर उत्तम जेपेग साधारण १० एमबीचा होतो. ६४ जीबीच्या कार्डावर असे सहा हजार मावतात. परिक्रमेला चार महिने लागले, म्हणजे १२० दिवस धरले, तरी रोजचे पन्नास फोटो झाले. एवढे फोटो काढीत बसलात तर नर्मदा पाहणार कधी? फक्त एक करा. ६४ चे एक कार्ड नेण्यापेक्षा ३२ ची दोन न्या. एक हरवले किंवा बिघडले तरी निम्मी वाट शिल्लक राहते. आणि वाटेत बसून फोटो पुसू नका. दमलेल्या माणसाच्या बोटाकडून नको तो फोटो पुसला जातो, आणि पडदा चालू राहिल्याने बॅटरीही उतरते.

मोबाइलवाल्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. हल्ली ५० किंवा त्याहून अधिक मेगापिक्सेलचे मोबाइल मिळतात. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. यांतले बरेच मोबाइल नेहमीच्या सेटिंगवर चार-चार ठिपके एकत्र करून सुमारे १२ मेगापिक्सेलचा फोटो देतात. ते सेटिंग बदलू नका. कमी उजेडात तेच चांगले काम करते, आणि ४००० बाय ३००० ठिपक्यांतून १३ बाय १० इंचांची रेखीव प्रत निघते. घरादाराला तेवढी पुष्कळ झाली. मात्र फोटोचा आकार चारास तीन ठेवा. पडदाभर दिसणारा सोळास नऊ हा आकार घेतला, तर बहुतेक मोबाइलांत फोटोची एक कड कापली जाते. दुसरे, बोटांनी ताणून लांबचे जवळ आणू नका. भिंग बदलत नसेल तर तो खरा झूम नव्हे. मधला तुकडा कापून मोठा केलेला असतो. चार पावले पुढे व्हा, त्या माणसाशी बोला आणि मग फोटो घ्या.

रंग, उठाव, तीक्ष्णता यांची सेटिंगे बेताची ठेवावीत. 'व्हिव्हिड' म्हणून जे असते त्यात हिरवे शेत पोपटासारखे दिसते. भडकपणा घरी वाढवता येतो. जेपेगमध्ये एकदा भिनला, की काढता येत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याला पांढरे दाखवण्याचे सेटिंग, दिवसा 'ऑटो' किंवा 'सूर्यप्रकाश' यावर असू द्या. मात्र रात्री दिव्याखाली बदलले असेल तर सकाळी आठवणीने परत करा, नाहीतर सगळा दिवस निळा निघेल. आयएसओ, म्हणजे उजेडाची ओढ, दिवसा १०० किंवा २००. संध्याकाळी ते ऑटोवर टाकावे, पण १६०० किंवा ३२०० अशी वरची मर्यादा घालावी. ओढ फार वाढवली, की फोटोवर वाळू पसरल्यासारखे कण दिसतात. तरी एक लक्षात असू द्या. हललेल्या फोटोपेक्षा कण दिसणारा फोटो बरा.

नदीकाठी एक अडचण हमखास येते. पाण्यावर ऊन चकाकते. त्या चकाकीला कॅमेरा फसतो आणि पुढ्यातल्या माणसाचा चेहरा काळा करतो. अशा वेळी मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवावे आणि उजेड थोडा वाढवावा. कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असते तिचा उपयोग करावा. उलट पांढरे धोतर, पांढरी भिंत भर उन्हात असेल तर उजेड थोडा कमी करावा. कारण जेपेगमध्ये अंधारातले थोडेफार परत मिळते, पण पांढरेफटक जळून गेलेले परत येत नाही.

आणि घड्याळ! कॅमेऱ्यातली तारीख-वेळ निघण्यापूर्वी लावा. ती प्रत्येक फाइलच्या पोटात लिहिली जाते. मी लावली नव्हती. माझे २००६ चे सगळे फोटो कॅमेऱ्याच्या मते २००४ चे आहेत. पण तीच तारीख फोटोच्या कोपऱ्यात लाल आकड्यांनी छापण्याची सोय असते, ती बंद ठेवा. ती चित्राचा तेवढा कोपरा कायमचा खाते.

शेवटची गोष्ट घरी आल्यानंतरची. एवढे सांभाळून आणलेले फोटो आपण व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि मोबाइल भरला म्हणून मूळ पुसून टाकतो. त्या वाटेने नेहमीच्या रीतीने पाठवलेला फोटो दाबून, लहान करून पोहोचतो. म्हणजे मी २००६ साली जी चूक केली, तीच तुम्ही नकळत करता. मूळ फाइल पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि मूळ दोन ठिकाणी ठेवा. एक प्रत संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर, दुसरी दुसऱ्या कोणाच्या घरी.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती करतो. परिक्रमेला जा अथवा जाऊ नका. पण एका शनिवारी मुलांना घेऊन स्वतःच्या गावात एक फेरी काढा. जुना वाडा, विहिरीची मोट ओढण्याची थारोळी, देवळाची लाकडी तुळई, आणि विचारून, परवानगी घेऊन, गावातली ऐंशी वर्षांची माणसे, यांचे फोटो पूर्ण मापाने घ्या. मागे नाव-गाव-तारीख लिहून शाळेत जपून ठेवा. धरणानेच गाव जाते असे नाही. रस्ता रुंद होतो, घराच्या वाटण्या होतात, माणसे जातात. ठेवून दिलेला फोटो कोणाला केव्हा लागेल, हे आज सांगता येत नाही.

त्या नातवाला मी शेवटी तळहाताएवढीच प्रत पाठवली, स्टुडिओवाल्याने सांगितली तेवढी. त्याने ती मोठ्या चौकटीत, भोवती रुंद पांढरा कागद सोडून बसवली आहे. जवळ जाऊन पाहिले, तरच आजी दिसते. गोंदण दिसत नाही. दाराच्या चौकटीवर कोरीव काम होते एवढे कळते, वेल होती की मोर होते, ते कळत नाही. त्याने विचारले, तेव्हा मलाही आठवेना.

तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री पिशवी भरून झाली, की दोन मिनिटे कॅमेरा हातात घ्या. माप सर्वांत मोठे, दर्जा उत्तम, घड्याळ बरोबर. एवढे पाहिलेत, की उरलेले सगळे लक्ष वाटेकडे आणि माणसांकडे द्यायला तुम्ही मोकळे.